पाणंदीला काय मानवेल?

मराठवाड्यातल्या काळ्या रानातली पाणंद पावसाळ्यात गाडीचं चाक गिळते आणि उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ते फुगतं, सुकलं की आक्रसतं. अशा हलत्या जमिनीवर नुसतं खडी-डांबर अंथरणं म्हणजे पैसे मातीत घालणं. आधी माती सावरायला हवी.

त्यासाठी चुना फार कामाचा. मातीत वजनाच्या साधारण 3 ते 5 टक्के चुना मिसळला की कॅल्शियममुळे चिकणमातीच्या कणांच्या गुठळ्या होतात आणि फुगवटा घटतो. पुढे कित्येक महिने चुना आणि मातीतली सिलिका यांच्यापासून सिमेंटसारखी संयुगं बनत राहतात.

वर मुरूम चालतो, पण डंपरमधून येणारं लाल-तांबडं सगळंच मुरूम नव्हे. बारीक भाग ओला करून त्याचा गोळा वळा आणि वाळवा. अंगठ्याने दाबताच भुकटी झाली, तर खडे धरून ठेवणारी माती त्यात कमी आहे. दगडासारखा कडक झाला, तर माती जास्त. पहिल्याच पावसात चिखल होणार. मुरूम टाकून निघून जाणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. पाणी मारून रोलरने दबाई केली नाही, तर कणांमधल्या पोकळ्या तशाच राहतात आणि पाणी तिथूनच आत शिरतं. रस्ता मध्यभागी उंचही हवा: 3 मीटर रुंदीला 4 टक्के उतार धरला, तर मध्यापासून कडेपर्यंत 6 सेंटीमीटर. दोन्ही बाजूंचे चर बुजवून बांध सरकवणारा शेतकरी स्वतःचीच वाट बुडवतो, हे ग्रामसभेत स्पष्ट बोललं गेलं पाहिजे.

मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांचं प्लास्टिकमिश्रित डांबराचं तंत्र चांगलंच आहे. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा लेप बसतो आणि डांबर घट्ट धरतं. पण पाया कच्चा असेल तर तेही उखडणार.

उसाच्या ट्रॉल्या जिथून जातात, तिथं मात्र मुरमावर भागत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 दरम्यान झालेल्या चाचण्यांतून दिसलं की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं. अशा पाणंदीत दोन चाकोऱ्यांपुरतेच काँक्रीटचे पट्टे ओतून मधे आणि कडेला मुरूम दाबता येतो. सिमेंट वाचतं, पट्ट्यांखाली दाबलेल्या मुरमाचा थर मात्र हवाच, नाहीतर काळी माती फुगून काँक्रीटलाही तडे देते.