समुद्र जपायचा, तर आधी तरंगायला शिका

मालवणला सुटीत गेलेला मुंबई-पुण्याचा पर्यटक हल्ली स्कुबाची बुडी हमखास मारून येतो. प्रशिक्षक त्याला धरून काही मिनिटे पाण्याखाली फिरवतो, छायाचित्रे निघतात, हौस भागते. याला डायव्हिंग शिकणे मात्र म्हणता येत नाही. सागरी संवर्धनात हातभार लावू इच्छिणाऱ्याला पुढची वाट धरावी लागते.

रीतसर प्राथमिक अभ्यासक्रम साधारण तीन-चार दिवसांचा असतो. वर्गातील पाठ, तरणतलावातील सराव आणि नंतर समुद्रातील चार बुड्या. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो, हा सार्वत्रिक गैरसमज. सहसा असते ती दाबाखाली भरलेली साधी हवा. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे फुप्फुसात भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. म्हणूनच श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. प्राथमिक प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंतच उतरता येते.

संवर्धनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे कौशल्य म्हणजे पाण्यात अधांतरी स्थिर राहणे. कमरेचे वजन, जॅकेटमधील हवा आणि श्वासाची लय यांचा मेळ जमला नाही, तर तोल सावरताना हात प्रवाळावर पडतो, पायातील फिन्सचा फटका बसतो. अनेक घट्ट प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे अर्धवट शिकलेला निसर्गप्रेमी समुद्राला उपद्रवच ठरतो.

तोल साधला की खरे काम. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘रीफ चेक’ची पद्धत शास्त्रज्ञ नसलेल्या डायव्हरलाही शिकता येते. प्रवाळावर १०० मीटरची फीत अंथरायची, तिच्यावरील २० मीटरच्या चार टप्प्यांत दर अर्ध्या मीटरवर खाली जिवंत प्रवाळ आहे, मृत आहे, शेवाळ आहे की वाळू, हे पाटीवर टिपायचे. काम कंटाळवाणे खरे. पण उपग्रह पाण्याचे तापमान सांगतो, खालचा प्रवाळ जगला की मेला हे सांगत नाही. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या पाण्याने प्रवाळ पांढरे पडले. त्यातून काय सावरले, हे पाण्याखाली उतरून पुन्हापुन्हा मोजणाऱ्यांमुळेच कळते.

महाराष्ट्रात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण २००१ पासून आहे. आठवण म्हणून तुकडा तोडून आणणे हा गुन्हाच होय. तळाशी अडकलेली जाळी काढण्याचा उत्साहही नवख्यांनी आवरावा. जाळ्यात डायव्हरच गुंतू शकतो, त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते.

जाण्यापूर्वी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र चालू आहे ना, हे पाहावे. दमा किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. पावसाळ्यात मालवणचे डायव्हिंग बंद असते. अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास वर्ज्य असल्याने परतीचे तिकीट त्या हिशेबानेच काढावे.