हंगाम सरला तरी घोडा मालकाचाच

ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपुरास निघते. बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकारांचे अश्व या सोहळ्यात असतात. वाटेवरील रिंगणात अश्व धावून गेले म्हणजे त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वारकऱ्यांची झुंबड उडते. घोड्याविषयी इतका आदर बाळगणाऱ्या याच मुलखात, पिंपरी-चिंचवड व चाकण यांच्या कारखानदारी पट्ट्यात, त्याच पावसाळी दिवसांत एखादे हाडांचा सापळा झालेले तट्टू मोठ्या रस्त्याच्या कडेला भिजत उभे दिसावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

याचे कारण केवळ निर्दयता नव्हे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि त्यामागोमाग या भागाचे रूप पालटत गेले. रिक्षा व टेंपो आले, टांगा मागे पडला. घोड्याचे बारमाही काम नाहीसे होऊन लग्नाची वरात, यात्राजत्रा आणि बैलगाड्याचा घाट एवढेच त्याचे मुख्य काम उरले. ही सर्व कामे हंगामी आहेत. पावसाला सुरुवात झाली की वराती थांबतात आणि यात्राही संपतात. मिळकत बंद होते, पण घोड्याचे पोट बंद होत नाही. चाऱ्याचा खर्च अंगावर आला म्हणजे काही मालक जनावर मोकळे सोडून देतात. हेळसांडीची सुरुवात बहुधा येथेच होते.

कायदा काय सांगतो

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली संसदेने मंजूर केला. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुस्थितीची काळजी घेतलीच पाहिजे, असे त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. अकराव्या कलमान्वये जनावरास मारहाण करणे, वय, आजार वा जखम यांमुळे अपात्र झालेल्या जनावरास कामास जुंपणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि योग्य कारणावाचून त्यास सोडून देणे, हे सर्व गुन्हे होत. मालकाने वाजवी देखरेख ठेवली नाही, तर नोकराच्या हातून घडलेल्या क्रूरतेची जबाबदारीही त्याच्यावर येते.

ओझ्याच्या व जुंपणीच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम करण्यात आले. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा अधिक ओझे लादता येत नाही. दोन चाकी गाडीस रबरी हवेच्या धावा असल्यास तट्टासाठी ६०० किलो व घोड्यासाठी ७५० किलो ही कमाल मर्यादा आहे; तशा धावा नसल्यास ती अनुक्रमे ४०० व ५०० किलो होते. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक किंवा विसाव्यावाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई आहे. तपमान ३७ अंश सेल्सियसच्या वर जाते अशा ठिकाणी दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपू नये. खिळ्यांचा किंवा काटेरी लगाम वापरणे सर्वस्वी निषिद्ध आहे.

घाटातील घोडी

खेड, मावळ, जुन्नर या भागांत बैलगाड्यापुढे घोडी पळविण्याची प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने शर्यती बंद झाल्या. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. तथापि ही दुरुस्ती बैलांच्या शर्यतीपुरती आहे, हे यात्रा समित्यांनी ध्यानात ठेवणे अवश्य आहे. घोडीच्या बाबतीत १९६० च्या कायद्यातील सर्व कर्तव्ये कायम आहेत. लंगडणारी, गाभण किंवा पाठीस जखम असलेली घोडी घाटात उतरवू नये.

अंमलबजावणी कोठे अडते

अकराव्या कलमात पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड ठरविलेला आहे. १९६० साली ही रक्कम लहान नव्हती. आज तीत घोड्याचा एका दिवसाचा चाराही येत नाही. शिवाय उपासमार करणे व सोडून देणे हे या कायद्याखाली दखलपात्र गुन्हे नाहीत. यावरून कायदा निरुपयोगी आहे असे पुष्कळांस वाटते. तो समज बरोबर नाही.

चौतिसाव्या कलमान्वये शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घेऊ शकतो. पस्तिसाव्या कलमान्वये दंडाधिकारी त्यास बरे होईपर्यंत पांजरपोळात ठेवण्याचा हुकूम देऊ शकतात. त्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो आणि तो न दिल्यास जनावर विकण्याचाही आदेश निघू शकतो. खरा धाक आहे तो येथे. जनावर ठार केले किंवा लुळेपांगळे करून निकामी केले, तर भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मात्र छत्तिसाव्या कलमाप्रमाणे १९६० च्या कायद्याखालील खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. आषाढात दिसलेल्या घोड्याची तक्रार दिवाळीत केली तर तिचा उपयोग होत नाही.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे

बेवारस किंवा जखमी घोडा आढळल्यास प्रथम त्यास रस्त्यापासून दूर घेऊन पाणी द्यावे व १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागवावी. नाकातून घट्ट स्राव येत असेल किंवा अंगावर गाठी व व्रण असतील, तर उघड्या हाताने स्पर्श करू नये. ग्लँडर्स या रोगाची ती लक्षणे असू शकतात आणि हा रोग माणसासही होतो. दिनांक, वेळ, ठिकाण व जनावराची स्थिती लिहून ठेवावी, छायाचित्र घ्यावे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या तपासणीचा दाखला जोडून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. चाकण व आळंदी ही ठाणी २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाखाली येतात. जनावर हाकलून शेजारच्या गावाच्या शिवेत घालणे हा उपाय नव्हे. त्यामुळे पुरावा जातो आणि रात्री एखाद्या मोटारसायकलस्वाराचा जीवही जाऊ शकतो.

गावातील घोड्यांची व त्यांच्या मालकांची नोंद हंगामाच्या आरंभीच करून ठेवली, तर पुढचे निम्मे काम हलके होते. मालकासही त्याच वेळी पावसाळ्याचा हिशेब समजावून द्यावा. सुमारे ३०० किलो वजनाच्या तट्टास रोज पाचसहा किलो कोरडा चारा व भरपूर स्वच्छ पाणी लागते. मोठा घोडा दिवसास २५ ते ४० लिटर पाणी पितो. काम नसले तरी दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खुरे साळून घ्यावी लागतात. वरातीच्या प्रत्येक सुपारीतून थोडी रक्कम कडब्यासाठी बाजूस ठेवणे हाच त्यावर सोपा तोडगा आहे.

मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांचे उदाहरण या ठिकाणी उपयुक्त आहे. ८ जून २०१५ रोजी उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरीसाठी त्या चालविणे बेकायदा ठरविले. पण त्याबरोबरच एक वर्षाची मुदत दिली आणि गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना करण्यास शासनास सांगितले. जनावराचा जीव व माणसाची भाकर या दोन्हींचा विचार त्यात होता.

ज्यास घोडा पोसणे खरोखरच अशक्य झाले असेल, त्याने तो रस्त्यावर न सोडता पांजरपोळाकडे किंवा सांभाळू शकणाऱ्या मालकाकडे रीतसर सोपवावा. तसे करण्यास सांगणारा माणूस गावात वेळेवर भेटला, तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे प्रसंग पुष्कळच कमी होतील.