फ्रिअर हॉलच्या कमानी आणि नागरिकांचा हक्क

महाबळेश्वरला जाणारा प्रवासी ‘पॉइंट’ पाहतो, वेण्णा तलावात नौकाविहार करतो, स्ट्रॉबेरी घेतो आणि परततो. १८६४ साली तेथे उभ्या राहिलेल्या फ्रिअर हॉलकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दगडी दांड्यांनी विभागलेल्या खिडक्या आणि टोकदार गॉथिक कमानी पाहून युरोपातील एखाद्या नगरसभागृहाची आठवण व्हावी. परंतु साम्य येथेच संपते.

जर्मनीतील ब्रेमेनचे नगरगृह १४०५ ते १४१० या काळात बांधले गेले. ते बांधणारी परिषद नगरातील धनिक व्यापाऱ्यांची होती आणि आर्चबिशपच्या सत्तेला शह देणे हा तिचा हेतू होता. नगरगृहासमोरील रोलांडचा १४०४ मधील दगडी पुतळा आजही कॅथीड्रलकडे रोखून पाहत नगराच्या स्वातंत्र्याची ग्वाही देतो. तेथे नागरी हक्काची जाणीव आधी आली, कमानी मागाहून आल्या.

आपल्याकडे क्रम उलटा होता. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कम याने येथे आरोग्यस्थान वसविण्याचे ठरविले. छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून या भागाच्या बदल्यात खंडाळा गाव देऊन तो कंपनीने घेतला आणि नव्या वस्तीला ‘माल्कम पेठ’ हे नाव मिळाले. हॉलला ज्याचे नाव आहे तो सर बार्टल फ्रिअर साताऱ्यास रेसिडेंट होता. १८४८ मध्ये शहाजी महाराज निवर्तले, तेव्हा दत्तकाचा हक्क मान्य करावा असे मत त्याने मांडले. डलहौसीने ते मानले नाही व राज्य खालसा झाले. १८६२ मध्ये फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस थांबला होता व मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी कराचीतही फ्रिअर हॉल खुला झाला. तो पुढे त्या शहराचे नगरगृह म्हणून वापरला गेला. फ्रिअरच्या नावाच्या या दोन्ही वास्तू त्या तेजीच्या काळातल्या होत.

रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ ची. म्हणजे कमानी उभ्या राहिल्यावर नागरिकाला आपला हक्क घटनेत वाचावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. तो हक्क प्रत्यक्षात उतरला आहे काय?

गेल्या मे महिन्यात विद्यार्थ्यांसह तेथे गेलो असता घोडा हाकणारे एक वृद्ध गृहस्थ सहज म्हणाले, “हंगामात गाव पाहुण्यांचं, पावसाळा लागला की आमचं.” अर्थशास्त्राच्या अनेक पुस्तकांत हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने सापडत नाही. पर्यटकांकडून कर घेतला जातो. पण वाहनांची गर्दी, कचरा आणि पाण्याची ओढ यांचा भार मात्र तेरा हजारांच्या आसपास लोकवस्तीच्या गावावर पडतो. २००१ पासून हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आहे. बांधकामावरील निर्बंधांची झळही प्रथम स्थानिकांनाच लागते.

म्हणून जुन्या वास्तूंचे जतन म्हणजे केवळ दगड धुऊन काढणे नव्हे. वर्षातून एकदा अशाच एखाद्या सभागृहात पर्यटन कराचा जमाखर्च गावासमोर मोठ्याने वाचला जावा, आणि त्या घोडेवाल्यालाही प्रश्न विचारता यावा. तसे झाले तरच परक्या कमानींखाली आपले नगरगृह उभे राहिले असे म्हणता येईल.