तटस्थ का लढतात? भाग ६ : वसईचा तह आणि उशिरा उतरलेले होळकर

मागच्या भागात आपण पोर्तुगालची गोष्ट पाहिली. ब्रिटनच्या सांगण्यावरून १९१६ च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजे ताब्यात घेतली, त्यांत गोव्यातल्या मुरगावची जहाजेही होती. ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारले आणि दीड वर्षाची तटस्थता संपली. तिथे जुन्या मित्राचा आग्रह कारणी लागला. आजचे उदाहरण आमच्या नालासोपाऱ्याच्या शेजारचे आहे आणि माझ्या मते जास्त दुखरे. त्याची सुरुवात वसईत झाली.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. ईस्ट इंडिया कंपनीचे किमान सहा हजार पायदळ कायमचे पदरी ठेवायचे, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि इतर सत्तांशी बोलणी कंपनीच्या संमतीनेच करायची. मराठी राज्याच्या पेशव्याने परराष्ट्राचा कारभारच परक्याच्या हाती दिला. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धाला तोंड फुटले.

होळकर मात्र आले नाहीत. यशवंतरावांची फौज त्या काळी मराठ्यांतली सर्वांत चपळ. तिच्याच धाकाने बाजीराव पुणे सोडून वसईला पळाला होता. तरी असई आणि लासवारीला शिंद्यांच्या पलटणी कापल्या जात असताना ते माळव्याकडे निघून गेले. कारण युद्धात नव्हते, घरात होते. १७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेने त्यांचे भाऊ मल्हारराव मारले. १८०१ मध्ये दुसरे भाऊ विठोजी यांना बाजीरावाने हत्तीच्या पायी दिले, आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. ज्याने हे सोसले त्याला ‘आता सगळे विसरून शिंद्यांच्या खांद्याला खांदा लाव’ म्हणणे सोपे, करणे अवघड. यशवंतरावांना दोष देण्याची घाई मला म्हणूनच करवत नाही. पण घरच्या वैरातून निवडलेली तटस्थता बाहेरच्या शत्रूचे काम किती हलके करते, हे इथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. इंग्रजांना तिघांशी एकदम लढावे लागले नाही. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावला भोसले आणि सुर्जी-अंजनगावला शिंदे तह करून मोकळे झाले.

मग होळकरांनी तलवार का उपसली? युद्ध संपल्यावर नकाशाच बदलला होता. दिल्ली, आग्रा आणि दुआब कंपनीकडे गेला. जयपूर तिच्या आश्रयाला गेले. ज्या प्रदेशांतून होळकरांची फौज चौथाई व खंडणीवर पोसली जात असे, तिथे आता इंग्रजांची हमी उभी होती. फौज मोडावी तर सत्ता जाणार, ठेवावी तर तिला खायला कुठून घालायचे? यशवंतरावांनी चौथाईचा वंशपरंपरागत हक्क आणि दुआब-बुंदेलखंडातले परगणे मागितले. कंपनीने ते नाकारले आणि जयपूरच्या हद्दीवरून मागे हटायला सांगितले. पदरचे काही इंग्रज अधिकारी सोडून जाऊ पाहत होते, त्यांना यशवंतरावांनी ठार मारले. त्यानंतर परतीची वाट उरली नाही. एप्रिल १८०४ मध्ये कंपनीने युद्धाचा हुकूम काढला.

पुढचे दीड वर्ष थक्क करणारे आहे. कर्नल मॉन्सन मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत भर पावसाळ्यात हटत गेला आणि त्याच्या फौजेची वाताहत झाली. होळकरांनी दिल्लीला वेढा घातला. डीगला नोव्हेंबरात हार झाली, पण भरतपूरच्या जाटांनी दार उघडले आणि १८०५ च्या सुरुवातीला जनरल लेकचे चार हल्ले त्या किल्ल्यापुढे फसले. कंपनीची तीन हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. लंडनमधल्या संचालकांना हा खर्च सोसवेना, गव्हर्नर-जनरल वेलस्ली परत गेला.

एवढे करूनही साथ मिळाली नाही. शिंदे आता इंग्रजांच्या तहात अडकले होते. मॉन्सनच्या मदतीला आधी निघालेली तुकडी तर शिंद्यांचीच होती. तिचे बापूजी शिंदे पुढे होळकरांना मिळाले, पण खुद्द दौलतराव शिंदे उघडपणे लढायला उभे राहिले नाहीत. १८०३ मध्ये होळकर जिथे उभे होते, तिथे आता शिंदे होते. भरतपूरच्या राजानेही एप्रिलमध्ये तह केला. यशवंतराव पंजाबात गेले आणि २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजघाटला तह झाला.

तहाने चंबळच्या उत्तरेवरचे हक्क सोडावे लागले, दक्षिणेकडचे राज्य वाचले. टोंक-रामपुरा पुढच्या वर्षी नवा गव्हर्नर-जनरल बार्लोने परत दिले. राज्य राहिले, पण त्याला पोसणारा मुलूख आटला आणि पगार थकलेली फौज स्वतःच्याच रयतेवर पडू लागली. भानपुऱ्याला यशवंतराव तोफा ओतत बसले, पुढे त्यांचे मन ढासळले आणि १८११ मध्ये तिथेच ते गेले. सहा वर्षांनी महिदपूरला होळकरांची फौज मोडली, तेव्हा तिच्या मदतीला दुसरे कोणीच नव्हते.

होळकर पंजाबात आले तेव्हा लाहोरच्या रणजितसिंहांनी त्यांना हात दिला नाही. १ जानेवारी १८०६ च्या तहाने त्यांनी होळकरांना अमृतसरजवळून हलवण्याचे कबूल केले. तीच तटस्थता लाहोरला चाळीस वर्षे कशी पुरली, आणि १८४५ मध्ये का पुरली नाही, ते पुढच्या भागात.