कागदाची पट्टी आणि महाप्राण

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतील अनेक कोलाम मुलांची घरची भाषा कोलामी होय. द्राविड कुलातील या भाषेचे सविस्तर वर्णन एम. बी. इमेनो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले. कोलामीत प-ब, क-ग हा घोषभेद अर्थभेदक आहे. महाप्राण व्यंजने मात्र मुख्यतः मराठीतून आलेल्या शब्दांतच आढळतात. म्हणून ‘फळ’ऐवजी ‘पळ’ लिहिणारे मूल मंदबुद्धीचे ठरत नाही. तो भेद त्याच्या कानास अपरिचित असतो, इतकेच.

येथे दोन घरगुती प्रयोग उपयोगी पडतात. कंठावर बोट ठेवून ‘स’ लांबविला असता कंठ स्थिर राहतो; ‘म’ लांबविला असता कंप जाणवतो. हा कंप म्हणजेच घोष. नंतर ओठांपुढे पातळ कागदाची पट्टी धरून ‘पळ’ व ‘फळ’ उच्चारावे. ‘पळ’ म्हणताना पट्टी जेमतेम हलते. ‘फळ’ म्हणताना श्वासाच्या झोतासरशी ती उडते. कानास न जाणवलेला भेद अशा रीतीने डोळ्यांस दिसतो. तेव्हा शिक्षकाने लाल शाईपूर्वी पट्टी हाती घ्यावी, हेच शास्त्रास धरून होईल.