ब्रोशरमधले हॉर्सपॉवर चाकापर्यंत किती पोहोचतात?

चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाट लागतो. गाडीत घरची सहा माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू. तिसऱ्या गिअरला गाडी दमते, दुसरा टाकावा लागतो, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतंच, "इंजिन बसलं वाटतं." मग घरी पोहोचल्यावर गाडी गॅरेजला जाते आणि तिथेही कधीकधी हेच उत्तर मिळतं. इंजिन उतरवायचं म्हणजे महिन्याच्या कमाईवर पाणी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या जुन्या व्हॅनचं असंच झालं होतं. एका गॅरेजने थेट इंजिनकाम सांगितलं. आकडा ऐकून अब्बांनी गाडी तशीच परत आणली. दुसऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी गाडी दहा मिनिटं चालवून बघितली आणि म्हणाले, "इंजिन ताकद देतंय, चाकाला मिळत नाहीये." क्लच प्लेट झिजली होती. प्लेट बदलली, गाडी सुरळीत झाली. उस्तादांच्या त्या एका वाक्यात या लेखाचा विषय आहे. इंजिनात तयार झालेली ताकद आणि रस्त्याला मिळालेली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या वाटेत काय होतं हे ठाऊक असलं, तर गॅरेजमध्ये निदान योग्य प्रश्न तरी विचारता येतात.

आधी ब्रोशर बघू. त्यात ८२ पीएस, ६७ पीएस असा आकडा असतो. १ पीएस म्हणजे सुमारे ७३५ वॅट. हा आकडा इंजिनाच्या तोंडाशी, म्हणजे फ्लायव्हीलजवळ मोजलेला असतो. तिथे गिअरबॉक्स नसतो, एक्सल नसतो, चाकंही नसतात. पूर्वी तर याहून मोठी गंमत होती. अमेरिकेत १९७१ पर्यंत कंपन्या बहुतेक वेळा अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे न लावता उघड्या इंजिनाचा आकडा छापायच्या. १९७२ च्या मॉडेलपासून सगळं लावून मोजायची पद्धत आली आणि तीच इंजिनं कागदावर एकदम दुबळी दिसू लागली. इंजिनात काहीच बदल झालेला नव्हता, मोजायची जागा बदलली होती.

मायलेजचं मात्र उलटं आहे. पुण्याची एआरएआय मायलेज काढते ते अख्खी गाडी रोलरवर चालवून. म्हणजे वाटेतली गळती त्या आकड्यात आधीच धरलेली असते. हॉर्सपॉवर गळतीच्या आधीचा आणि मायलेज गळतीच्या नंतरचं, दोन्ही एकाच पानावर शेजारीशेजारी छापलेले. गिऱ्हाईक गोंधळणार नाही तर काय.

आता वाट बघू. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. तिथे दाताला दात भिडतात. चांगल्या गिअरच्या एका जोडीत शंभरातले साधारण एक-दोन हिस्से घर्षणात जातात. शिवाय गिअर ऑइलात बुडून फिरतात, तेव्हा ते ऑइल सतत घुसळावं लागतं. ताक घुसळताना रवीला जोर लागतो ना, तसंच. बेअरिंग आणि ऑइल सील यांचा वाटा छोटा असतो, पण असतो.

पुढे गाडीची जात महत्त्वाची ठरते. वॅगन आर, स्विफ्टसारख्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतात, त्यामुळे ताकदीला काटकोनात वळावं लागत नाही. बोलेरो, ईको, जुनी इनोव्हा या गाड्यांत इंजिन उभं असतं आणि मागची चाकं ढकलतात. तिथे लांब प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस आणि शेवटी क्राउन-पिनियन असं सगळं मधे येतं. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतातही. म्हणून एकट्या त्या जोडीत शंभरातले तीन ते सहा हिस्से जाऊ शकतात. याच घासण्यामुळे त्यात वेगळं, जास्त दाब सोसणारं ऑइल लागतं. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असतं ते हेच. ते स्वस्तात मिळालं म्हणून कुठल्याही गिअरबॉक्समध्ये ओतू नये. अनेक गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्यातली रसायनं मानवत नाहीत, त्यांना जीएल-४ लागतं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच टाकायचं, यात उस्तादगिरी नको.

मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे नवीन वाटू नये. लूमची मोटर चांगली असते, पण पट्टा ढिला झाला की तो पुलीवर सरकतो, तापतो, रबराचा वास येतो आणि माग मंदावतो. तेव्हा मोटर बदलायला कुणी धावत नाही, आधी पट्टा बघतात. गाडीतला क्लच म्हणजे असाच पट्टा समजा.

किती ताकद जाते, यावर मात्र बरीच चुकीची माहिती फिरते. "गाडीची १५ टक्के पॉवर गिअरबॉक्स खातो" हे वाक्य आमच्याकडच्या तरुण मुलांच्या तोंडी सर्रास असतं. हा अंदाज आहे, कायदा नाही. त्याची एक सोपी परीक्षा आहे. गेलेली ताकद कुठे नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. ८० हॉर्सपॉवरचे १५ टक्के म्हणजे १२ हॉर्सपॉवर, सुमारे ९ किलोवॅट. घरातला गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे साडेचार गिझर गाडीखाली एकदम चालू आहेत असं समजा. पूर्ण जोरावर काही सेकंद ते होऊ शकतं, त्यातही टायरचा वाटा धरावा लागतो. रोजच्या चालीत एवढी उष्णता निघत राहिली असती, तर गिअरबॉक्सचं ऑइल केव्हाच जळून गेलं असतं.

खरी गोष्ट अशी की गळतीचे दोन भाग असतात. दातांचं घर्षण ओझ्याबरोबर वाढतं. ऑइल घुसळणं, सील आणि बेअरिंग यांचा ओढा मात्र वेगावर ठरतो, ओझं असो वा नसो. म्हणून इंजिनची ताकद दुप्पट केली तर गळतीही दुप्पट होते असं नाही. आणि हलक्या चालीत टक्केवारी उलट वाढते. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जायला लहान गाडीला जेमतेम पाच-सहा हॉर्सपॉवर पुरतात. त्यातला एखादा वाटेतच गेला, तर तो पाचवा-सहावा हिस्सा झाला! रिक्षावाल्यांना, स्कूल व्हॅनवाल्यांना हीच चाल दिवसभर असते. त्यांच्यासाठी घाटातल्या जोरापेक्षा हा बारीक ओढा जास्त महाग पडतो, कारण तो रोज पेट्रोल-सीएनजीच्या बिलात येतो.

रीमॅप करून देणाऱ्यांबद्दल इथेच सांगून टाकतो. काही ठिकाणी गाडी रोलरवर चढवून कागद देतात, "२० हॉर्सपॉवर वाढले." बघायचं एवढंच की आधीचा आकडा चाकाचा आणि नंतरचा इंजिनाचा तर नाही ना. रोलर चाकाची ताकद मोजतो, इंजिनाचा आकडा त्यावर गळती मिळवून काढलेला असतो. मिळवणी वाढवली की हॉर्सपॉवर वाढतात, गाडीला हातही न लावता. एकच रोलर, एकच गिअर, टायरमध्ये तेवढीच हवा आणि दोन्ही वेळा चाकाचाच आकडा, असं असेल तरच तुलना खरी.

स्कूटरची थोडी वेगळी तऱ्हा. तिच्यात गिअरऐवजी रबरी बेल्ट असतो आणि तो नीट राखलेल्या मोटारसायकलच्या चेनपेक्षा जास्त ताकद खातो. टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअलपेक्षा जास्त गमावते, विशेषतः सिग्नलवरून निघताना. एएमटीमध्ये तो प्रश्न नाही, कारण आत साधाच क्लच असतो, तो दाबणारं यंत्र तेवढं वेगळं.

मग घरच्या घरी काय बघायचं? पहिलं क्लच. टॉप गिअरला चढावर ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनचा आवाज चढला पण गाडी चढली नाही, तर प्लेट सरकते आहे. दुसरी खूण सपाट, मोकळ्या जागी घेता येते. हँडब्रेक पूर्ण ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट गेली. हे एकदाच करा, सारखं करून चांगली प्लेटही जाळाल. आणि चढावर सिग्नलला अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा. त्या वेळी इंजिनातून क्लचला मिळणारी सगळी ताकद प्लेट तापवण्यात जाते. गाडी तर जागची हललेलीही नसते.

दुसरं, चाकं. पाच-सात किलोमीटर शक्य तेवढा कमी ब्रेक मारत गाडी चालवा, थांबा, आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. डिस्कला बोट लावू नका. डावं-उजवं सारखंच कोमट असेल तर ठीक. एकच चाक तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. हा ओढा गिअरबॉक्सच्या पुढचा, पण इंजिनाला आणि खिशाला फरक कळत नाही. टायरची हवा कमी असली तरी तेच होतं. न्यूट्रल टाकून गाडी किती लांब वाहत जाते हे बघायचं असेल तर रिकाम्या सपाट जागेत बघा. घाटात उतारावर न्यूट्रल कधीच नाही, तिथे इंजिनाचा धाकही ब्रेकइतकाच लागतो.

तिसरं, गिअर ऑइल. इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअरबॉक्स आणि मागच्या क्राउनचं ऑइल वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. गाडी जुनी घेतली असेल तर ते शेवटचं केव्हा बदललं, हे आधीच्या मालकालाही माहीत नसतं. कमी ऑइल दात खातं. जास्त भरलेलं घुसळण्यात ताकद खातं आणि सीलमधून बाहेर येतं. मोजायची रीत बहुतेक गाड्यांत सोपी असते. गाडी सपाट जागी उभी करून भरायचा बोल्ट उघडायचा, ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलेलं असलं की पुरे. पुढच्या सर्व्हिसला हा बोल्ट आपल्या समोर उघडायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, चांगला उस्ताद त्याला नाही म्हणत नाही.