आधी थांबायला शिकवा, मग पळायला!

बेकरीतला पाव दुकानात पोचवणारा बंद टेम्पो तुम्ही पाहिला असेलच. पुढे ड्रायव्हरची केबिन आणि मागे पत्र्याचा बंद डबा. डब्याला बाजूने खिडकी नाही, मागे मात्र कपाटासारखी दोन दारं. अशाच पण वयाने खूप मोठ्या गाडीची ही गोष्ट आहे. अमेरिकेत तिला ‘पॅनेल ट्रक’ म्हणत. पाववाले, फुलवाले, नळ दुरुस्त करणारे, सगळ्यांची ही लाडकी गाडी. माल भिजत नसे आणि डब्याच्या मोकळ्या पत्र्यावर दुकानाचं नाव झोकात रंगवता येई!

शेवरलेट कंपनीने जून १९४७ मध्ये ट्रकची एक नवी मालिका बाजारात आणली. गुबगुबीत मडगार्ड, गोल दिवे आणि तोंडावर पाच आडव्या पट्ट्या. ही मालिका १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. तिच्यातले पॅनेल ट्रक आजही अमेरिकेत कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या परसात गंजत पडलेले सापडतात. मग एखादं कुटुंब तो ओढत घरी आणतं आणि आपल्या गॅरेजमध्ये पुन्हा उभा करतं. शेवरलेटचं आपल्याशीही जुनं नातं आहे, बरं का! १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीच्या कारखान्यात या कंपनीच्या गाड्या जोडल्या जात.

समजा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अशाच एका गॅरेजमध्ये आपण उभे आहोत. समोर आहे १९५० चा पॅनेल ट्रक. चला, कामाला लागू या!

पान्ह्याआधी पेन्सिल

तुम्ही म्हणाल, “काढा नटबोल्ट!” थांबा. आधी वही आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचा फोटो काढायचा. त्याचे नट, बोल्ट, वायसर एका पिशवीत घालायचे आणि पिशवीवर चिठ्ठी लावायची : ‘डावं दार, वरची बिजागरी’. आज कंटाळा केलात तर सहा महिन्यांनी शंभर बोल्टांचा ढीग समोर असेल आणि कुठला कुठे, ते देवालाच ठाऊक! घरी उघडलेल्या कितीतरी गाड्या अशाच सुट्या भागांच्या ढिगात अडकून राहतात.

इंजिन अडकलंय? जोर लावू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं तेल सोडा आणि काही दिवस वाट पाहा. मग हाताने हळूच फिरवून बघा. घाईने झटका दिला तर आतला भाग तुटू शकतो.

आणि एक नियम पक्का लक्षात ठेवा : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एक मिनिटभरसुद्धा जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो. पेलून धरायला खाली मजबूत स्टँड लावावे लागतात.

पत्र्याचा शत्रू

ओहायोत हिवाळ्यात बर्फ पडतं. ते वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. त्यात मीठ मिसळलं की गंज आणखी वेगाने धावतो. म्हणून अशा ट्रकचा खालचा भाग आधी सडतो : दारांच्या खालच्या कडा, पायऱ्या, मडगार्डचे कोपरे.

गंजावर नुसती लांबी भरून रंग मारला तर? वर्षभर गाडी नवरीसारखी दिसेल, पण आतला गंज पत्रा खातच राहील. खरा उपाय कष्टाचा आहे. सडलेला तुकडा कापायचा, त्याच मापाचा नवा पत्रा घ्यायचा आणि वेल्डिंगचे छोटे छोटे टाके घालत बसवायचा. एक टाका इथे, दुसरा दूर तिकडे. एकाच जागी सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून वाकडा होतो. हे काम अर्थातच मोठ्यांचं.

रंग घासायचं काम तरी तुम्हाला मिळेल का? तेही जपूनच. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना फार घातक. म्हणून मोठ्यांनी मास्क लावून, पाणी टाकत पॉलिश पेपर चालवायचा. तुम्ही लांबून बघायचं.

कारण इथेच कधी कधी गंमत होते! वरचा रंग जातो, त्याखालचा जातो आणि अचानक पुसट अक्षरं दिसू लागतात. सत्तर वर्षांपूर्वी कुणा पेंटरने ब्रशने काढलेलं दुकानाचं नाव! आता काय करायचं? सगळं घासून चकचकीत लाल रंग द्यायचा, की अक्षरं तशीच राखायची? पुष्कळ लोक अक्षरं राखतात. रंगाचा डबा पुन्हा विकत आणता येतो. त्या पेंटरचा हात कुठून आणणार?

काय ठेवायचं, काय बदलायचं?

आता येतो खरा प्रश्न. गाडी अगदी १९५० सारखी ठेवायची, की आजच्या रस्त्यासाठी तयार करायची?

काही बदल सोपे असतात. या ट्रकची वीज होती ६ व्होल्टची. ३६ वॅटचा दिवा लावायचा तर ६ व्होल्टवर ६ अँपिअर वीजप्रवाह लागतो, १२ व्होल्टवर फक्त ३. प्रवाह कमी म्हणजे वायर कमी तापते आणि दिवा नीट पेटतो. म्हणून बरेच जण १२ व्होल्टचं नवं वायरिंग करतात.

वायपरची तर मजाच होती. ते विजेवर नव्हे, इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर चालत. भर पावसात चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हा जोर कमी पडे आणि वायपर मंदावत. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी वायपर पेंगायचे! तिथे विजेची मोटर बसवली तर कोण नाही म्हणेल?

सगळ्यांचा जीव मात्र इंजिनात अडकलेला असतो. मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, साधारण ३.५ लिटरचं. शांत आणि कष्टाळू, पण पळण्यात फारसं तरबेज नाही. कुणीतरी म्हणतंच, “आठ सिलिंडरचं दणदणीत इंजिन टाकू या!” आणि धोका सुरू होतो तो इथे.

पाय फळीला टेकला तर?

जुन्या ट्रकचा ब्रेक कसा चाले, ते पाहू. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चारी चाकांकडे ढकललं जाई. पण चारी चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग होता. एक नळी फुटली की तेल बाहेर, पाय सरळ फळीला आणि चारी ब्रेक एकदम गायब! त्यात मास्टर सिलिंडर होता केबिनच्या फळीखाली. तेल किती उरलंय, हे बघायला फळीतलं झाकण काढावं लागे. त्यामुळे ते बघायचं राहूनही जाई.

अमेरिकेत १९६८ मध्ये नव्या मोटारींसाठी नियम आले. ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग हवेत, म्हणजे एक फुटला तरी दुसरा गाडी थांबवेल. सीटचे पट्टेही सक्तीचे झाले. आपला ट्रक त्याच्या १८ वर्षं आधीचा!

आता थोडं गणित. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. ताशी ५० किलोमीटरवरून १०० वर गेलात तर ब्रेकला चौपट काम. मग जुन्या ब्रेकवर नवं दणदणीत इंजिन बसवणं म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा!

म्हणून शहाणा कारागीर क्रम ठरवतो. आधी ब्रेक : दोन खणांचा मास्टर सिलिंडर, नव्या नळ्या, पुढच्या चाकांना डिस्क. मग स्टिअरिंग, टायर, पट्टे, दिवे. इंजिन सगळ्यात शेवटी. खरं तर या क्रमाने गेलेल्या पुष्कळांना शेवटी कळतं की जुनं इंजिन काही वाईट नव्हतं. काढलेले मूळ भाग ते फेकत नाहीत, खोक्यात जपून ठेवतात. उद्या कुणाला गाडी पुन्हा १९५० सारखी करायची असेल तर?

पालकांसाठी दोन शब्द

आपल्याकडे असा हौसेचा बदल करण्याआधी कायदा पाहा. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे.

घरी करून पाहा

ट्रक नसला म्हणून काय झालं? चार सारखे खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात आणि एक तेल चोपडून साध्या पाण्यात ठेवा. आठवडाभर रोज बघून वहीत लिहा.

आणि आजच तुमच्या सायकलचे ब्रेक तपासा. रबर झिजलंय का? तार तुटत आलीय का? घंटी चमकवायची आहे, नवे स्टिकर लावायचे आहेत, सगळं करा. पण आधी ब्रेक. ज्या गाडीला वेळेवर थांबता येतं, तिलाच पळायचा हक्क आहे!